स्यराच्या काळ्या चित्रांत उजेड येतो कुठून?

प्रश्न असा आहे: फ्रेंच चित्रकार झॉर्झ स्यराची काळ्या क्रेयॉनची चित्रं पाहिली तर बाह्यरेषा कुठेच सापडत नाही, तरी माणसं ठसठशीत उभी राहतात आणि चित्राला आतून उजेड असल्यासारखं वाटतं. हे त्याने कसं साधलं? आणि तसाच क्रेयॉन घेऊन आपण बसलो की चित्र मळकट का होतं?

आधी थोडक्यात सांगतो. स्यराच्या चित्रातला उजेड म्हणजे न झाकलेला कागद, आणि तो कागद उजळ वाटावा म्हणून त्याने सगळी मेहनत शेजारच्या जागेवर घेतलेली आहे. आपलं चित्र मळतं तेही बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी. एक तर घासून घासून कागद बुजतो. नाहीतर सगळं लक्ष आकृतीवर राहतं आणि तिच्या मागची जागा कशीबशी भरून टाकली जाते.

स्यरा (१८५९–१८९१) बहुतेकांना ठाऊक असतो तो बिंदुवादामुळे (रंगाचे ठिपके शेजारी-शेजारी ठेवून चित्र घडवायची पद्धत), शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या 'ग्रांद जात' बेटावरच्या त्या अवाढव्य चित्रामुळे. पण रंगांच्या ठिपक्यांकडे वळण्याआधी त्याची काही वर्षं मुख्यतः कागद आणि काळा क्रेयॉन यांतच गेली. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत त्याचे शिक्षक होते आंरी लेमान, आणि लेमान हे आंग्र या नामांकित चित्रकाराचे शिष्य. म्हणजे तालीम अस्सल रेषेची: स्वच्छ, अखंड, नेमकी रेषा. १८७९-८० मध्ये ब्रेस्टला लष्करी सेवा करून तो परतला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या चित्रांतून ती रेषा हळूहळू नाहीशी झाली. सुरुवातीच्या वह्यांमध्ये तिरप्या रेघोट्यांची गर्दी दिसते. मग त्या रेघोट्या एकमेकींत मिसळत जातात आणि शेवटी फक्त टोन, म्हणजे उजेड-अंधाराची छटा, उरतो. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण 'स्यराला रेषा येत नव्हती म्हणून तो छटांमध्ये लपला' असं कुणी म्हणालं तर ते साफ चूक आहे. आकार इतका पक्का डोक्यात असल्याशिवाय रेषा सोडून देता येत नाही.

आता साहित्य, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे.

स्यराचा काळा क्रेयॉन म्हणजे कॉन्टे क्रेयॉन. त्याला हे नाव मिळालं निकोला-झाक कॉन्टे या फ्रेंच संशोधकावरून. १७९५ च्या सुमारास इंग्लंडशी युद्ध चालू असल्यामुळे फ्रान्समध्ये चांगलं ग्रॅफाइट येईना, तेव्हा त्याने ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून भाजायची रीत काढली. आजची पेन्सिलही याच रीतीची वारसदार. चित्रकारांसाठी ज्या चौकोनी कांड्या निघाल्या त्यांत काळं रंगद्रव्य, माती आणि थोडा बांधणारा पदार्थ असतो. चारकोलशी, म्हणजे चित्रकाराच्या कोळशाशी, तुलना केली की फरक लगेच कळतो. चारकोल कागदावर नुसता बसतो. फडक्याने झटकला तर निघून जातो. कॉन्टे कठीण आणि किंचित स्निग्ध असतो. जिथे लागला तिथे तो चिकटतो, आणि पुट्टी रबराने (मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने) कितीही टिपला तरी मूळ कागद परत मिळत नाही. चारकोलमध्ये आधी सगळं काळं करून मग रबराने उजेड 'उघडायची' पद्धत चालते. कॉन्टेमध्ये ती सवय नेली की चित्र संपलंच म्हणून समजा. इथे पांढरं सुरुवातीपासून राखायचं असतं.

आणि कागद. स्यरा साधारण १८८१ पासून मुख्यतः मिशाले नावाचा कागद वापरत होता. हा आंग्र जातीचा (कागदाच्या एका प्रकाराचं नाव), चिंध्यांच्या लगद्याचा, पोत असलेला कागद. उजेडासमोर धरला की त्यात बारीक समांतर रेघा दिसतात आणि त्यांना आडव्या, दूर-दूर अंतरावर दुसऱ्या रेघा. लगदा ज्या जाळीवर गाळतात तिच्या तारांचे हे ठसे. स्यराची बरीचशी चित्रं साधारण २४ × ३१ सेंटिमीटरची आहेत, म्हणजे सहज हातात धरता येतील एवढी.

या कागदावर क्रेयॉन आडवा धरून अगदी हलक्या हाताने फिरवा आणि मग भिंगातून पाहा. काळं फक्त उंचवट्यांच्या माथ्यावर लागलेलं असतं, खाचा कोऱ्या असतात. नांगरलेल्या रानावर सकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा ते ढेकळांचे माथे तेवढे पकडतं, तसंच हे, फक्त इथे माथे काळे आणि सऱ्या पांढऱ्या. दाब वाढवला की काळं माथ्यांवरून उतारावर उतरतं, आणखी वाढवला की खाचाही भरतात आणि मखमली काळा रंग मिळतो. स्यराच्या हातात क्रेयॉन एक आणि कागद एक. फिकट राखाडीपासून मिट्ट काळ्यापर्यंतची सगळी वाट केवळ दाब आणि थर यांवर चाललेली आहे. त्याच्या राखाडीत कुठेही 'राखाडी रंग' नाही. शुद्ध काळे कण आहेत आणि मधून मधून शुद्ध कागद आहे.

बोटाने किंवा स्टंपने (कागदाच्या गुंडाळीच्या काडीने) चोळलं की नेमकं हेच बिघडतं. काळी पूड खाचांमध्ये जाऊन बसते, पांढरे कण बुजतात आणि खरोखरचा राखाडी थर तयार होतो. मोजमापाने तो टोन पहिल्याइतकाच गडद असू शकेल, पण डोळ्याला तो मेलेला वाटतो. हे का होतं त्याचा साधा हिशेब आहे. निरोगी डोळा साधारण एक मिनिट कोनाइतका (एका अंशाचा साठावा भाग) बारकावा वेगळा ओळखू शकतो. एक मीटर अंतरावरून तो होतो सुमारे ०.३ मिलिमीटर. आंग्र कागदाच्या बारीक रेघा एकमेकींपासून साधारण मिलिमीटरभर दूर असतात. म्हणजे त्या पूर्ण मिसळून एकसंध राखाडी दिसायला तीनेक मीटर मागे जावं लागेल. चित्र हातात किंवा हातभर अंतरावर असतं तेव्हा डोळा कधी कण पाहतो, कधी त्यांचा मिळून झालेला टोन पाहतो. या दोन्हींमध्ये नजर हलत राहते, आणि ती हालचाल आपल्याला उजेडाची थरथर म्हणून जाणवते. पुढे रंगांच्या ठिपक्यांनी त्याने जे केलं त्याची बीजं मला इथेच दिसतात.

पण नुसता कागदाचा पोत पुरत नाही. पोत कुणाच्याही हाती लागू शकतो. खरं काम कडेवर आहे.

उन्हातलं दृश्य घेतलं तर भर उन्हातला पांढरा कपडा आणि झाडाखालची खोल सावली यांच्या प्रकाशात हजारो पटींचा फरक पडू शकतो. कागदाकडे काय असतं? चांगला पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी ८०-९० टक्के परत पाठवतो आणि मॅट काळा रंग चार-पाच टक्के. म्हणजे आपल्या हातात सगळी मिळून वीसेक पटींची पट्टी. हुबेहूब टोन उतरवून घ्यायचं ठरवलं तर उजेड कधीच पुरणार नाही. तेव्हा डोळा ज्या पद्धतीने उजेड ठरवतो त्या पद्धतीचाच उपयोग करून घ्यायचा.

डोळा कुठलाही टोन एकटा पाहत नाही, शेजाऱ्यासकट पाहतो. एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे कापून एक काळ्यावर आणि एक पांढऱ्यावर ठेवा, काळ्यावरचा उजळ दिसेल. मिशेल-अजेन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या भित्तिवस्त्रांच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथल्या धाग्यांचे रंग शेजारच्या धाग्यांमुळे बदललेले दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि १८३९ मध्ये त्यांनी रंगांच्या एकसमयी विरोधाचा नियम (शेजारी ठेवलेले रंग एकमेकांतला फरक वाढवतात) सविस्तर मांडला. स्यराने शेव्हरल वाचला होता. बहुतेक लेखांमध्ये शेव्हरलचं नाव त्याच्या रंगांच्या संदर्भात येतं. माझ्या मते त्या नियमाचा सगळ्यात शुद्ध वापर त्याच्या बिनरंगी चित्रांत आहे, कारण तिथे लक्ष विचलित करायला दुसरं काहीच नाही.

त्याची युक्ती अशी. आकृतीची जी बाजू उजेडात आहे तिच्या लगत मागची जागा तो गडद करतो. जी बाजू सावलीत आहे तिच्या लगत मागची जागा उजळ ठेवतो. आकृतीपासून दूर जाता जाता हे दोन्ही टोन एकमेकांकडे सरकत मधल्या राखाडीत विरतात. म्हणजे पार्श्वभूमी सपाट नसते, ती आकृतीला उलट उत्तर देत असते. म्हणूनच त्याच्या काळ्या आकृत्यांभोवती एक धूसर वलय दिसतं. पुष्कळ जणांना ते वलय गूढ वाटतं. मला त्यात अतिशय काटेकोर विचार दिसतो आणि त्यामुळे ते आणखी सुंदर वाटतं.

हे स्पष्ट पाहायचं असेल तर 'आस्निएरचे स्नान' या लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या १८८४ च्या तैलचित्रासाठी केलेली क्रेयॉनची अभ्यासचित्रं पाहा. दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारणारा मुलगा आहे, ते चित्र 'एको' या नावाने येल विद्यापीठाच्या कलादालनात आहे. बसलेल्या उघड्या मुलाचं चित्र स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. या मुलांच्या कडेवरून नजर हळूहळू फिरवा. एका ठिकाणी अंग उजळ आणि मागचं गडद, थोडं पुढे गेलं की अंग गडद आणि मागचं उजळ. मध्ये कुठेतरी एक जागा अशी लागते की दोन्ही टोन सारखे होतात आणि कड चक्क नाहीशी होते. तिथे डोळा स्वतःच कड पुरी करतो. मोठ्या तैलचित्रातही हेच आहे: मुलांच्या उजळ अंगाला टेकलेलं पाणी गडद, सावलीतल्या अंगाला टेकलेलं पाणी उजळ. नदीचं पाणी प्रत्यक्षात असं वागत नाही, पण चित्र पाहताना आपल्याला ते खटकत नाही, उलट ऊन खरं वाटतं.

ही हरवलेली कड शिकायला मला सगळ्यात जवळचं वाटणारं चित्र म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं त्याच्या आईचं, १८८२-८३ मधलं. आई खाली मान घालून भरतकाम करते आहे. चेहऱ्याचे तपशील जवळजवळ नाहीत. उजेडाचे काही मऊ भाग आहेत आणि बाकीचं सगळं अंधारात मिसळलेलं आहे. सुई दिसत नाही, धागा दिसत नाही, तरी बोटांचं काम चाललेलं कळतं. कपड्याची कड आणि खोलीचा अंधार यांना वेगळं करायची घाई त्याने केलेली नाही. आपण इथे हमखास काय करतो? काळ्या कपड्यामागे काळी भिंत आली की 'आकार हरवेल' या भीतीने मध्ये एक रेघ मारतो. ती रेघ पडली की खोलीतला अंधार संपतो आणि कागदावर कापून चिकटवलेलं चित्र उरतं.

याच काळातलं आमां-झां या चित्रकार मित्राचं व्यक्तिचित्र मात्र वेगळ्या तोलाचं आहे. आकार मोठा, सुमारे ६२ × ४८ सेंटिमीटर, आणि १८८३ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात, ते लागलं. स्यराचं लोकांसमोर आलेलं हे पहिलं काम. मित्र हातात ब्रश घेऊन रंगवण्यात गढलेला आहे. इथे त्याने चेहरा बराच घडवला आहे, कारण सालोंच्या भिंतीवर ते टिकायला हवं होतं. पण कोटाचा काळा भाग बघा. तो एकाच काळ्याने भरलेला वाटतो, जवळून मात्र त्यात थर दिसतात: एका दिशेने हलका, त्यावर दुसऱ्या दिशेने, मग काही ठिकाणीच दाबून. पूर्ण मिट्ट काळं फार थोड्या जागी आहे. काळ्यालाही श्वास घ्यायला जागा लागते, ती त्याने ठेवली आहे.

पांढऱ्या रंगाबद्दल नेहमी विचारलं जातं म्हणून सांगतो. दिवसाच्या आणि संध्याकाळच्या चित्रांत त्याचं पांढरं म्हणजे कागदच. १८८६-८८ च्या सुमाराच्या कॅफे-कॉन्सर्टच्या (गाणी-करमणूक चालणाऱ्या कॅफेंच्या) चित्रांत, उदाहरणार्थ न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयातल्या 'कॉन्सेर युरोपेआं'मध्ये, त्याने पांढरा खडू आणि गॉश (अपारदर्शक जलरंग) हेही वापरलं. तिथे गरज वेगळी होती: समोर प्रेक्षकांची काळी डोकी आणि पलीकडे दिव्यांनी झगमगणारा रंगमंच. रंगमंचावरचा तो दिव्यांचा उजेड खोलीतल्या इतर कशाहूनही वेगळा दिसायला हवा. तुम्ही शिकत असाल तर पांढऱ्या खडूला सध्या हात लावू नका. तो जवळ असला की कागद राखायची शिस्त अंगी बाणत नाही.

आता स्वतः बसताना काय करायचं ते.

विषय साधा घ्या: एकच दिवा, एकच माणूस किंवा एखादं भांडं, मागे कोरी भिंत. दिवा एका बाजूला ठेवा. दोन-तीन दिवे असले की सावल्या एकमेकींना छेद देतात आणि वर सांगितलेली अदलाबदल दिसतच नाही. पोत असलेला आंग्र जातीचा कागद घ्या. त्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, कोपऱ्यात क्रेयॉन फिरवून जी बाजू आवडेल ती घ्या. कागदाखाली काय आहे हेही बघा. उघड्या लाकडी फळीवर कागद लावला तर लाकडाच्या रेषा चित्रात उमटतात. गुळगुळीत कडक बोर्ड असेल तर क्रेयॉन फक्त माथे पकडतो. खाली चार-पाच कागदांची गादी ठेवली तर कागद दबतो आणि काळं जास्त बसतं. मी फिकट टोनसाठी कडक बोर्ड पसंत करतो. तळहात कागदावर टेकू नका. घामाचा, तेलाचा डाग पडला की क्रेयॉन तिथे वेगळा बसतो आणि तो डाग अगदी शेवटी, गालावर किंवा आकाशात, वर येतो.

कांडीचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मोडून घ्या आणि आडवा धरा. पहिला थर इतका हलका की क्रेयॉनचं वजन तेवढंच कागदावर असावं. आणि तो थर आकृतीवर न घालता तिच्या मागे घाला. हे सुरुवातीला फार अवघड जातं, कारण हात आपोआप नाकडोळ्यांकडे धावतो. उजेडातल्या गालाच्या मागे गडद करत या, गाल तसाच कोरा सोडा. मग सावलीच्या बाजूला या आणि तिथे उलट करा: चेहऱ्याची बाजू गडद, भिंत फिकट. एवढ्यावरच डोकं उठून आलेलं दिसेल. नाकडोळे त्यानंतर, आणि तेही जेवढे दिव्यात दिसतात तेवढेच.

गडद करताना एकदम दाबू नका. थर वाढवा, प्रत्येक थराची दिशा थोडी बदला. सर्वांत काळी जागा कुठली ते आधीच ठरवून ठेवा आणि तिथे सर्वांत शेवटी पोहोचा. त्या काळ्याशेजारी सर्वांत कोरी जागा येईल असं पाहा. बाकी सगळीकडे विरोध, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, त्याहून कमी राहिला पाहिजे, नाहीतर नजर चित्रभर भटकते. काम करताना अधूनमधून डोळे किलकिले करून पाहा; तपशील गळून पडतात आणि टोनचे मोठे गट दिसतात. मागेही जा. तीन मीटर मागून चित्र एकसंध वाटलं आणि हातभर अंतरावरून कण जिवंत दिसले तर पोत बुजलेला नाही.

मूळ चित्रं पाहायला मिळाली तर उत्तमच. पडद्यावर पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. छायाचित्रात विरोध बहुधा वाढवलेला असतो, त्यामुळे मूळ चित्रातला मधल्या टोनचा मोठा पसारा दिसत नाही आणि आपण तो नक्कल करताना गाळून टाकतो. शिवाय हे कागद आता सव्वाशेहून अधिक वर्षांचे आहेत. ते पिवळसर झालेत, आणि आज दिसणारा तो ऊबदार तांबूस-पिवळा उजेड काही अंशी काळाने आणलेला आहे. मुद्दाम पिवळट कागद शोधत बसू नका, दुधाळ पांढरा घ्या.

चित्र झाल्यावर फिक्सेटिव्ह (रंग कागदावर पक्का करणारा फवारा) मारायचं असेल तर आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर तपासा. फवारा जवळून किंवा जाड बसला तर कण भिजून पसरतात, फिकट टोन एक पायरी गडद होतात, आणि जो कोरा कागद जिवापाड राखला तोच पहिल्यांदा मंदावतो. लांबून, दोन पातळ हात पुरे. मधे पूर्ण वाळू द्या. कॉन्टे तसाही चारकोलपेक्षा घट्ट बसतो, त्यामुळे मी बरीचशी चित्रं न फवारता मधे ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद घालून सपाट ठेवतो, आणि फ्रेम करताना काच चित्राला टेकणार नाही एवढी जागा माउंटने सोडतो.